द्राक्षबागेतलं उष्टावण

आता माझी फजिती ऐका, पण चहा जरा जपून प्या. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

आमच्या मुलीचं, ईराचं, उष्टावण ठरलं. आमंत्रणावर तिचा फोटो हवा होता. मी नुकताच कॅमेरा घेतलेला, त्यामुळे स्टुडिओत जाणं म्हणजे माझा अपमानच. सासुरवाडी वणीजवळची, घरची द्राक्षबाग. नाशिकच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून मी जाहीर केलं, "मांडवाच्या गार सावलीत, हिरव्या पानांत फोटो काढायचे."

बायकोने, मेघनाने, एकच अट घातली. "एप्रिलचं ऊन आहे. ईरा एकदा जरी रडली, तर हा कॅमेरा विकायचा."

पणाला काय लागलं होतं, आलं ना लक्षात?

मग काय, जय्यत तयारी. सुती झबलं, कुंची, ओली करायला फडकी, सेलवरचा पंखा, मोठी छत्री. शिवाय फोटोत दिसायला चांदीचा वाटी-चमचा. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, फोन केला. "बागेत फोटो काढायला येतोय."

ते जरा थांबले. "बागेत? बरं. जावईबापू म्हणतील तसं."

ते का थांबले, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

सकाळी लवकर निघायचं होतं, पण लेन्स पुसता पुसता ऊन चढलं. बागेत पोचलो आणि बघतो तर काय, एक पान नाही! नुसते खांब, तारा आणि वेलींचे खुंट. द्राक्षं उतरली की दरवर्षी वेली अशा खरडून छाटतात. मी दरवर्षी द्राक्षांची पेटी तेवढी न चुकता घेऊन येतो. पुढे बागेचं काय होतं, याची चौकशी कोण करतो?

"अण्णा, सांगायचं तरी."

"जावयाला नाय कसं म्हणायचं? आमाला वाटलं, शहरात उघड्या तारांची फ्याशन आली असंल."

आता माघार घ्यायची? छे. तारांवर सासूबाईंच्या साड्या टाकल्या, छत्री उघडली, पंखा लावला, ओली फडकी भोवती टांगली. आत चटईवर ईरा मजेत स्वतःचा अंगठा चोखत पडली. बाहेर तापलेल्या ढेकळांवर मी पालथा, एक डोळा मिटून. पाणी सगळं फडकी भिजवण्यात संपलं होतं.

"जावईबापू, जरा सावलीला या," सासूबाई म्हणाल्या.

"माझं राहू द्या, बाळाकडे बघा," मी म्हणालो. बाप होणं म्हणजे काही गंमत नाही.

उभा राहिलो आणि बाग गरगर फिरली.

डोळे उघडले तेव्हा मी साड्यांखाली चटईवर होतो. डोकं अण्णांच्या मांडीवर. कपाळावर ईराचं ओलं फडकं, नाकासमोर ईराचा पंखा. सासूबाई चांदीच्या वाटीतून चमच्या चमच्याने मला घरचं कैरीचं पन्हं भरवत होत्या. आणि ईरा? इतका वेळ हूं की चूं न केलेली माझी लेक माझ्याकडे बघून खदाखदा हसत होती. मेघनाने कॅमेरा उचलला.

मी काढलेले सगळे फोटो पांढरेफटक निघाले. चांगला आला तो हा एकच. ईरा रडली नाही, म्हणून कॅमेरा वाचला. पण आमंत्रणावर छापला गेला तो हाच फोटो.

उष्टावणाच्या दिवशी अण्णा दारातच उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आज नातीचं हाय. जावईबापूंचं मागंच उरकलं."