अर्ध्या वाक्यात संपलेला श्वास

सोलापूरच्या बसस्थानकात मी वाहतूक नियंत्रक आहे. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या, चौकशीच्या खिडकीत उत्तरं द्यायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. मोहोळ, शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णीमार्गे करमाळा, हे सगळं फलाट क्रमांकासकट मी एका दमात म्हणायचो. त्याचा थोडा तोराही होता.

तीन वर्षांपूर्वी उजव्या फुफ्फुसात पाण्याची गाठ निघाली. छाती उघडून ती काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, मी कामावर रुजू झालो. पहिल्याच सकाळी करमाळ्याची गाडी पुकारायला घेतली आणि मोडनिंबपाशी श्वास संपला. माइक चालू, तोंड उघडं, आवाज नाही. फलाटावरची माणसं कर्ण्याकडे बघत राहिली.

शेजारच्या खुर्चीत माझ्याहून वयाने मोठे एक सहकारी बसतात. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला, राहिलेली गावं म्हटली आणि पुन्हा आपल्या नोंदवहीत मान घातली. पुढचे कित्येक आठवडे माझा श्वास तुटला की त्यांचा हात यायचा. साहेबांपर्यंत त्यांनी ही गोष्ट जाऊ दिली नाही.

जिना चढतानाही धाप लागायला लागली तेव्हा बायकोने मला परत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचं स्कॅन करून घेतलं. गाठ काढली तिथं फुफ्फुसाला व्रण पडला होता आणि तो भाग आक्रसला होता. रफू केलेलं कापड तेवढ्या जागी ताणलं जात नाही, तसं झालंय, असं त्यांनी समजावलं. व्रण आता जाणार नव्हता. बाकीचं फुफ्फुस चांगलं होतं, त्याची ताकद व्यायामाने वाढवायची होती.

‘जाणार नाही’ एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी बायकोने रिक्षा बोलावली आणि मला फिजिओथेरपिस्टकडे नेऊन बसवलं.

ती शहराच्या पूर्वभागातल्या एका तेलुगू विणकर घरातली मुलगी, वय पंचविशीतलं. मी कुरकुर करत होतो, की फुंकर मारायला शिकून काय होणार. ती शांतपणे म्हणाली, “माझ्या वडिलांची छाती यंत्रमागाच्या धुळीनं खराब झाली, काका. श्वास कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. म्हणून मी हे शिकले.”

त्यानंतर मी कुरकुरलो नाही. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. रोज सकाळी गच्चीवर मी हे करायचो आणि बायको कपडे वाळत घालता घालता मोठ्याने आकडे मोजायची. मी मध्येच सोडलं तर ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

एके दिवशी त्या मुलीने मला गाड्यांची यादी आणायला सांगितली. पेन्सिल घेऊन तिने एकेका ओळीत खुणा केल्या. इथं थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचं गाव.

“एवढं थांबलो तर गाडी निघून जाईल,” मी म्हणालो.

“तुम्ही पुकारल्याशिवाय कुठं जाते?” ती म्हणाली.

खुणा बघत बघत मी पुकारायला लागलो. आधी लाज वाटायची, आपण पहिलीतल्या पोरासारखं वाचतोय असं वाटायचं. हळूहळू चाचांचा हात यायचा थांबला.

मग एका दुपारी मैंदर्गीची एक म्हातारी खिडकीशी आली. महिन्यातून एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात येते, घरची भाषा कन्नड. दरवेळी गाडी कुठली म्हणून विचारायची. त्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही.

“आता समजतंय बगा तुमचं,” ती म्हणाली. “आदी लई पळत होता तुमी. मला एक गाव कळायचं न्हाय.”

इतकी वर्षं माझ्या तोऱ्यापायी किती जणांची गाडी चुकली असेल, कोण जाणे. मी तिला नुसते हात जोडले. चाचांनी ते ऐकलं होतं. त्यांनी आपल्या चहातला अर्धा बशीत ओतला आणि माझ्याकडे सरकवला.

थंडीत व्रणाची बाजू अजून ओढल्यासारखी दुखते. डॉक्टर म्हणतात, दुखेल. गच्चीवर आकडे मोजणं मात्र चालू आहे. मी विसरलो तर बायको वरून हाक मारते.