सासऱ्यांच्या हातचा खडक

भूगोलाचा मास्तर म्हणून मी वीस वर्षं सांगलीच्या पोरांना समुद्र शिकवला. प्रत्यक्षात तो मी दोनदाच पाहिला होता, आणि त्यातल्या एकदा धुकं होतं. म्हणून शेवटी समुद्रच घरी आणायचं ठरवलं. चार फुटी काचेची टाकी, पंप, दिवे, पिशवीतलं खास मीठ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांचा एक जोडा. पहिल्यांदा पाणी कालवताना मिठाचा अंदाज जरा चुकला आणि पुढचे तीन दिवस आमच्या बैठकीच्या भिंती खारट लागत होत्या. कुणी चाटून पाहिल्या ते विचारू नका.

कमी होता तो फक्त खडक. या माशांना लपायला खडक लागतो, आणि तो आतून भोकाभोकांचा असावा लागतो. त्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि ते पाणी साफ ठेवतात. माझ्या टाकीत खडक नसल्यामुळे तो जोडा दिवसभर पंपाच्या नळीमागे, एस.टी.ची वाट पाहत असल्यासारखा उभा असायचा. पुण्यातल्या दुकानात असा खडक मिळतो. दुकानदारानं मला नमुन्याचा एक तुकडा दिला आणि वर सांगितलं, की हा परदेशातून विमानानं येतो. मी अजून विमानात बसलेलो नाही. दगडानं माझ्या आधी बसावं हे मला पटलं नाही.

तेव्हा खडक घरीच करायचा. कृती सोपी आहे. सिमेंट, कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. हे सगळं कालवून ओल्या वाळूच्या खड्ड्यात ओतायचं. घट्ट झालं की पाण्यात बुडवायचं. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात.

त्याच सुमाराला सासरे आमच्याकडे आले. मिरजेला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन महिने चढउतार बंद सांगितला होता. त्यांचं गाव कोयनेकडचं. घर अशा उतारावर, की अंगणात निसटलेला तांब्या पाटणच्या बाजारात सापडतो. त्यामुळे दोन महिने सांगलीत लेकीच्या घरी राहणं भाग होतं. यात अडचण एकच होती, पण ती गुडघ्यापेक्षा मोठी होती. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही, हा त्यांचा नियम. काम केलं तर ताटावर बसणार, नाहीतर पोट बिघडलंय म्हणून सांगणार.

आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. पाय स्टुलावर ठेवून त्यांनी आठ दिवसांत आमच्या घरातलं सगळं मोडकं नीट केलं. बेसिन सरळ झालं, मोरीचा उतार बदलला, लग्नापासून कुरकुरणारा दरवाजा गप्प झाला. नवव्या दिवशी सकाळी ते पिशवी भरून ओट्यावर बसले.

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "कायतरी काम काढा. आज गावाकडं गेले तर त्यो गुडघा परत उघडाय लागंल."

"घरात आता मोडकं काय राहिलंय?"

"तुमी हायसा की."

मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "मामा, मला खडक करून पायजे." त्यांनी पिशवी खाली ठेवली.

आता मामांच्या कामाबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. कोयनेच्या वसाहतीत त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. भूकंपाचा धक्का बसला की बाकीच्या खोल्यांतली माणसं बाहेर पळायची आणि मामांच्या खोल्यांत बाहेरची माणसं आत पळायची. त्यांनी बांधलेल्या हौदातून म्हणे पाणी गळणं सोडाच, उन्हाळ्यात वाफसुद्धा परवानगी घेऊन जायची.

मी कृती सांगितली. मीठ म्हटल्यावर त्यांनी लेकीकडं पाहिलं. जावयाच्या घराण्यात आधी कुणाला असं काही झालं होतं का, असं विचारावं तसं.

"सिमेंटात मीठ? आवं पाव्हणं, मीठ काम खातंय."

"खाऊ दे, मामा. भोकं पडाय पायजेत."

"भोकं," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. पण जावयाचा शब्द मोडायचा नाही, हाही नियमच. त्यांनी मान हलवली आणि मी शाळेला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर परसात अकरा खडक ओळीनं उभे. ओळंबा लावून सरळ केलेले, थापीनं घोटलेले. त्यात तोंड दिसत होतं. माझंच होतं, आणि ते चांगलं दिसत नव्हतं. मीठ बरणीत परत गेलं होतं. त्याच्या जागी मामांनी सिमेंटात पाणी न मुरण्याची पावडर घातली होती.

"जावयाचं काम," ते म्हणाले. "म्हटलं, जरा मन लावूनच करावं."

सासऱ्याच्या कामाला जावयानं नाव ठेवायचं नसतं. मी म्हणालो, "लय भारी झालंय."

दोन दिवस आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात भांडलो.

"तुमी सांगा त्यास्नी," ती म्हणायची.

"बाप तुझा हाय."

"आणि मासं कुणाचं हायती?"

तिसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच पुण्याचा तो तुकडा टेबलावरून उचलला आणि चमच्यानं त्यावर पाणी ओतलं. तुकड्यानं ते पिऊन टाकलं. मग त्यांनी आपल्या खडकावर पाणी ओतलं. ते तिथं थेंब होऊन बसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि घरंगळून खाली गेलं.

"तुमास्नी असला पायजे हुता," मामा तुकडा दाखवून म्हणाले.

"व्हय."

"आणि मी ह्यो केला."

"आवं मामा, पर काम काय..."

"दोन दिस फुकट जेवलो म्हणा की मग." आणि ते पिशवीकडे निघाले.

बायको दारात उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून मला जे सुचलं, ते शांतपणे सुचलं नसतं. मी म्हणालो, "चूक माझीच हाय, मामा. वाईट काम तुमास्नी जमायचं न्हाई, हे माझ्या आधीच ध्येनात याय पायजे हुतं. मी दुसरा गवंडी बघतो."

मामा थांबले. "जमायचं न्हाई म्हंजे?"

"न्हाई, ज्याचं त्याला जमतंय."

त्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली आणि मीठ मागितलं.

आधी जुने खडक फोडावेत म्हणून मी घण आणला. पहिल्याच घावाला घणाचा दांडा तुटला. नवा दांडा बसवला, तर तिसऱ्या घावाला शेजारचे हळदीचे व्यापारी कुंपणावरून डोकावले.

"मास्तर, भूकंप हाय का?"

"न्हाई, खडक फोडतोय."

"मग जरा हळू फोडा. आमची पोती उड्या मारायलीत."

ते अकरा खडक अजून परसात आहेत आणि आमच्यानंतरही असतील.

दुसरा घाणा मामांनी डाव्या हातानं केला. उजव्या हातात थापी धरली की काम आपोआप चांगलं होतं, असं त्यांचं म्हणणं. परसाचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं, न जाणो रस्त्यानं एखादा गवंडी जायचा. झालेले खडक भुसभुशीत, वेडेवाकडे, उंदरानं कुरतडल्यासारखे होते. मी त्यांना शंभरपैकी शंभर दिले. "गावाकडं बोलायचं न्हाई," एवढंच मामा म्हणाले.

मग खडक टबात बुडवले. नव्या सिमेंटातून चुना सुटत राहतो आणि त्या पाण्यात मासा टिकत नाही. म्हणून रोज पाणी बदलायचं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवून बघायची. पट्टी जांभळी झाली तर चुना आहे. हिरवी राहिली की खडक तयार. ही कामगिरी मामांनी घेतली. सकाळी पाइप लावून पाणी बदलायचं, संध्याकाळी पट्टी बघायची, आणि मग हात धुऊन हक्कानं ताटावर बसायचं. महिनाभर त्यांचं पोट एकदाही बिघडलं नाही.

पाचव्या आठवड्यात पट्टी हिरवट दिसायला लागली आणि मी कॅलेंडर काढलं. डॉक्टरांचे दोन महिने भरायला अजून तीन आठवडे होते. खडक तयार झाला की काम संपलं, काम संपलं की पिशवी.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाताना मी टबातल्या नव्या पाण्यात पानाच्या टपरीवरचा चुना चिमूटभर टाकायला लागलो. संध्याकाळी पट्टी जांभळीगार. बायकोला सांगितलं नाही. तिला हसू आवरत नाही.

चौथ्या दिवशी पुडी उघडून टबावर वाकलो, तर मामा दाराशी स्टुलावर बसलेले. त्यांनी काठी टेकत टबापाशी येऊन, त्या दिवशी मुद्दाम न बदललेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"पाव्हणं, चाळीस वर्सं माझा हात चुन्यात हाय," ते म्हणाले. "ह्यो सिमेंटचा न्हाई. ह्यो खायाचा चुना हाय."

मी आभाळाकडे पाहिलं. भूगोलाच्या माणसाला तिथं बघण्यासारखं बरंच असतं.

"लेकीनं सांगितलं का तुमचं तुमीच?"

"माझं मीच."

"डाक्टरची तारीख किती लांब हाय?"

"सतरा दिस."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग माझ्या हातातली पुडी घेतली, नखाच्या टोकावर येईल एवढाच चुना टबात टाकला आणि पुडी मिटून आपल्या खिशात ठेवली.

"चिमटीनं घालत जाऊ नगा," ते म्हणाले. "भोकं बुजत्यात."

त्या दिवशी जेवताना त्यांनी पहिल्यांदाच दुसरी भाकरी मागितली. बायकोनं ती वाढली आणि विचारलं, "आबा, खडक कवा हुयाचा?"

"अजून सतरा दिस तरी धर," ते म्हणाले, आणि कालवणासाठी वाटी पुढं केली.