मंदाताईंचा अविश्वास

शिरूरच्या स्टँडवर मंदाताई आधी एसटीची पाटी वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या आणि सीटवर टेकल्यावर शेजारच्या बाईला पुन्हा, "दौंडलाच जातीया ना ही?" तिघांचं उत्तर जुळलं तरी खिडकीतून रस्ता बघत बसायच्या.

त्या मूळच्या राहू गावच्या. आमची छोटी कंपनी मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारी पेटी बनवायची. पेटीतल्या वायरलेसच्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला प्रोग्राम, मी लिहायचो आणि मंदाताई तो तपासायच्या. मोटरपाशी काम करताना शेतकऱ्याने पेटीवरचं बटण दाबून वायरलेस बंद करायचं, म्हणजे घरून कुणी चुकून मोटर चालू करणार नाही, अशी सोय होती.

"वायरलेस बंद हाय का, असं इचारल्यावर तुझा ड्रायव्हर कुणाला इचारून सांगतो?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"शेवटचा हुकूम लक्षात ठेवतो, ताई. 'बंद हो' सांगितलं असेल तर 'बंद' सांगतो."

"म्हंजी चिपला इचारतच न्हाई?"

"चिप कधी कधी उत्तर द्यायला वेळ लावते."

"काय लपवतोयस?"

"काही नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. चिप चालूच असताना पेटीच्या पडद्यावर 'बंद' आलेलं मी एकदा पाहिलं होतं. पुन्हा झालं नाही, म्हणून गप्प बसलो होतो.

पुढच्या महिन्यात आम्ही वरवंडला एका आबांच्या मळ्यात पेटी बघायला गेलो. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये चिंधी अडकली होती. आबांनी बटण दाबलं, पडद्यावर 'वायरलेस बंद' आलं आणि ते चिंधी काढायला वाकले.

"आबा, हात घालू नका!" मंदाताई ओरडल्या.

"अगं, बंद हाय की. हितं लिवलंय."

"लिवलंय, पर मला खरं वाटंना. मागं सरा."

आबा कुरकुरत मागे झाले. मंदाताईंनी तपासणीसाठी त्या पेटीला जोडलेल्या स्वतःच्या मोबाइलवर 'चालू' दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मोटर घरघरली आणि चिंधीच्या धांदोट्या उडाल्या. आबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

परतताना मी सगळं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हर बदलायला घेतला. विचारणा आली की तो थेट चिपलाच विचारणार, आणि चिप बोलली नाही तर 'माहीत नाही' असंच सांगणार. कंपनीच्या मालकांना ते पटेना. "गिऱ्हाईक काय म्हणेल?" मंदाताई म्हणाल्या, "काय म्हणायचं ते म्हणंल. हात तर ऱ्हातील." नवा ड्रायव्हर बसेपर्यंत त्यांनी एकाही पेटीच्या तपासणीवर सही केली नाही. आधी विकलेल्या पेट्यांसाठी मीच मोटरसायकल काढली. न्हावऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक मळ्यात मी आधी माझी चूक सांगायचो, मग पेटी उघडायचो. मागे बसलेल्या मंदाताई माझं सांगणंही तपासायच्या.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "ताई, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर आता तुझा तुझ्यावर बी बसत न्हाई. म्हणून जातीया."