रुद्रमा राणी आणि अडलेला फर्मा

"भाऊसाहेब, या फर्म्यावर मी सही करणार नाही," मी म्हणाले. मशीनवर कागद चढलेला होता.

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. मग घड्या घालून पुस्तक बांधतात. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादक होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोरांनो, तुमची आई नुकती कॉलेजात जायला लागली होती आणि घर माझ्या पगारावर चालायचं.

पुस्तक मुलांसाठी होतं, वारंगळच्या रुद्रमा राणीवर. तेराव्या शतकात वडिलांनी तिलाच वारस नेमलं. शिलालेखांत तिचं नाव पुरुषी आहे, रुद्रदेव महाराज. बाई गादीवर बसली म्हणून सरदार उठले, त्यांना तिने आवरलं. वडिलांनी सुरू केलेला किल्ल्याचा कोट पुरा केला. लेखिका पद्माबाई नाशिक रोडला राहायच्या. माहेर वारंगळचं. शाळेतून निवृत्त होऊन लिहिलेलं हे त्यांचं पहिलं पुस्तक.

अडलं ते लढाईच्या पानावर. देवगिरीचा यादव राजा महादेव तिच्यावर चालून गेला. तेलंगणात सांगतात, तिने त्याला पळवून लावलं. देवगिरीकडचं लिखाण म्हणतं, बाईवर शस्त्र कसं चालवायचं, म्हणून राजाने तिला सोडून दिलं. पद्माबाईंनी दोन्ही लिहिलं होतं. आमचे मालक भाऊसाहेब यांनी मला न विचारता पहिलं वाक्य उडवलं.

"ताई, पुस्तकं सिन्नरच्या शाळांत जायचीत. यादवांची जुनी राजधानी! तिथे सांगू, तुमचा राजा बाईकडून मार खाऊन आला?"

"सोडून दिलं म्हणता, मग राज्य तिच्याकडेच कसं राहिलं?"

"तुम्ही गेला होतात बघायला?"

"नाही. तुम्हीही नव्हता. म्हणून दोन्ही ठेवू."

"सही करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

मी पर्स उचलली. भाऊसाहेब मशीनमनकडे वळले. "रामदास, कर चालू."

रामदास हलला नाही. "बाईंची सही नाय."

"अरे, मालक मी आहे!"

"तुमीच बोलले होते ना, सही नसली तर मी सांगितलं तरी चालवायचं नाय. आता तुमीच सांगताय. मी कोणत्या भाऊसाहेबांचं ऐकू?"

नियम खरोखर त्यांचाच होता. एका देवस्थानाच्या स्मरणिकेत घाईघाईत आरतीच्या पानावर साबणाची जाहिरात छापली गेली होती, त्यानंतर केलेला. तो मोडायला त्यांचा एक शब्द पुरला असता. पण ते म्हणाले, "घाला तुमचं वाक्य. पण सिन्नरला माझ्याबरोबर चलायचं. शिव्या तुम्ही खायच्या."

त्या पानासाठी छपाईची नवी प्लेट झाली, मी सही केली, पुस्तक निघालं. पद्माबाईंनी वारंगळकडच्या चकल्या करून आणल्या. त्यातल्या निम्म्या भाऊसाहेबांनीच संपवल्या.

सिन्नरच्या हेडमास्तरांनी नेमकं तेच पान उघडलं. "हे काय? आमचा राजा हरला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊसाहेब म्हणाले, "सर, आपली बाजूही खालीच छापलीय. पण मला सांगा, हरून आलेला माणूस घरी काय सांगेल? बाईमाणूस होती, सोडून आलो, असंच ना? वाचू द्या पोरांना दोन्ही. ठरवतील ती."

हेडमास्तर मोठ्याने हसले. पुस्तकं शाळेत राहिली. परत येताना भाऊसाहेब त्या पानाविषयी अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या नोकरीविषयीही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढचं हस्तलिखित माझ्या टेबलावर होतं.

स्वतःचा नियम स्वतःवर चालू देणारे मालक मला नंतर फारसे भेटले नाहीत. त्यांची मी ऋणी आहे. बाकी, आपलं म्हणणं वरिष्ठांना पटलं की नाही, हे ते आपल्याला कधीच सांगत नाहीत. ते तिसऱ्याला स्वतःचं म्हणून ऐकवतात, तेव्हा कळतं. अशा वेळी मध्ये बोलू नये.