भोंग्यातली शांता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तीच सांगेल.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. सरकारी पाट्यांवरचा रंग नवा होता, नळाला मात्र पाणी नव्हतं. आमच्या बाजाराच्या गावात एकानं पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ सेंटर काढलं होतं, आणि मी त्याचा ओरडणारा. रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरायचं. आवाज चांगला आहे, असं लोक म्हणायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

एका आठवड्यात भुताचा पिक्चर आला. पोस्टरवर विहिरीतून वर येणारी बाई — डोळे पांढरे, तोंडभर रक्त. पण शेड रिकामी. पाण्यापायी मेटाकुटीला आलेल्या माणसांना भुताची काय भीती घालणार? मग मला अक्कल सुचली. अक्कल म्हणू का तिला?

त्याच उन्हाळ्यात गावातली शांता विहिरीत मेली होती. तळाचं पाणी वाटीवाटीनं भरायला उतरली आणि पाय निसटला. कोंडाबाईची एकुलती एक लेक. मी भोंग्यातून ओरडलो — ही आपल्याच गावच्या शांताची कहाणी! थाप आहे हे सगळ्यांना कळत होतं. लोक हसले, आणि आले.

कोंडाबाईही आली. तिच्या घरात पोरीचा एकही फोटो नव्हता. शेडच्या दारात तिनं मला विचारलं, "लेकरा, माझी शांता दिसंल का रं?"

नाही म्हणायला किती वेळ लागला असता? पण मागं माणसं उभी होती — त्यांच्यासमोर मला माघार घ्यायची नव्हती. "हाव मावशी, दिसंल," म्हणालो.

ती अगदी पुढं बसली. ती रक्तानं माखलेली बाई विहिरीतून वर आली तेव्हा बाकीचे किंचाळले. कोंडाबाई उठली, टीव्हीपाशी गेली आणि पदरानं काच पुसायला लागली. "लई लागलं गं माय तुला," असं म्हणत राहिली. शेडभर हशा पिकला.

मीही हसलो. तेवढंच असतं तर — पण तेवढंच नाही. जे सांगताना आजही माझी मान वर होत नाही, ते पुढं आहे. दुसऱ्या दिवशी मी भोंग्यातून ओरडलो — आईनं लेकीला ओळखलं! या, आपल्या डोळ्यांनी बघा! मग दुपारचे खेळसुद्धा भरायला लागले. लोक पिक्चर बघायला नाही, तिला बघायला येत होते. ती रोज यायची. तिला तिकीट मागू नका, असं मालकाला मीच सुचवलं होतं.

चौथ्या दिवशी रिक्षा तिच्या गल्लीत शिरली. ती दारातच उभी होती. टँकरचं पेलाभर पाणी घेऊन रिक्षापाशी आली.

"गावात कुणी नाव घेईना तिचं," म्हणाली. "तू तरी घेतूस."

मी पाणी प्यालो. पेला परत दिला. आणि ती तिथंच उभी असताना माईक तोंडाशी धरून पुन्हा शांताच्या नावानं ओरडलो.