गिरिजाबाईंचं ‘हं’

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मतिमंदांच्या शाळेत मी कारकून होतो आणि गिरिजाबाई शिक्षिका. ‘या पोरांना काय येणार?’ असं कोणी म्हटलं की बाईंचा पारा चढायचा. शहात्तर साली त्या पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या आणि तिथलं नवं संशोधन सांगून सांगून त्यांनी आमचे कान किटवले. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, एकेक शिकवायचा, मदत हळूहळू काढून घ्यायची आणि रोज वहीत लिहायचं, ‘मदतीने’ की ‘स्वतः’.

बाईंनी शाळेतल्या दुर्गाला हाताशी धरलं. ती बावीस वर्षांची, आई सोजरबाईबरोबर वैरागहून आलेली. “बाई, माझ्यामागं हिचं कसं व्हायचं?” एवढाच आईला घोर. अक्कलकोट रोडला मल्लप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला माणूस हवं होतं. बाईंनी एका घडीचे नऊ तुकडे पाडले आणि तीन महिन्यांत वहीभर ‘स्वतः’ दिसायला लागलं.

आम्ही ऐटीत कारखान्यात गेलो. मागांची खडखड इतकी, की शेजारच्याचं बोलणं कळेना. दुर्गाने टॉवेल पसरला, हात फिरवला आणि थांबली. थांबली ती थांबलीच, बाईंच्या तोंडाकडे बघत. शेवटी बाई जवळ जाऊन कानाशी म्हणाल्या, “हं.” लगेच तिने कोपरे जुळवले आणि पुन्हा थांबली.

मल्लप्पांनी आम्हाला बाहेर नेलं. “पोरगी चांगली हाय, पण तुमाला रोज हितं कसं आणायचं? महिन्यानं परत या की.”

बाईंचा चेहरा पडला. तीन महिने प्रत्येक तुकड्याला आपण ‘हं’ म्हणत होतो, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं! शाळेत येताच त्यांनी वहीतलं एकेक ‘स्वतः’ खोडलं.

“राहू द्या की, कोण बघतंय?” मी म्हटलं.

“मी बघतेय!” त्या खेकसल्या. मनातून मला त्यांचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून त्या दाढेखाली लवंग धरून शिकवायला लागल्या. तोंड उघडायचं नाही, याची आठवण म्हणून. रोज एक पाऊल मागे सरकायच्या. सुरुवातीला दुर्गा रडली, रुसली, टॉवेल फेकून बसली. महिना भरता भरता बाई दाराबाहेर होत्या आणि आत घड्या पडत होत्या.

पुन्हा कारखान्यात गेलो. बाई आणि सोजरबाई दाराशी, दुर्गा टेबलाशी. एक घडी झाली, चार झाल्या, दहा झाल्या. अकराव्या टॉवेलला दुर्गाचा हात जरासा रेंगाळला. बाईंना राहवेना. लवंग थुंकून त्या तरातरा टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “हं!”

दुर्गाने मान वर केली नाही. कोपरा नीट करत ती ओरडली, “बाई, गप ऱ्हावा की! काम चाललंय माझं.”

सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मल्लप्पा हसत म्हणाले, “उद्यापासून पाठवा.” आणि आमच्या शाळेत आजवर कोणाला न जुमानणाऱ्या गिरिजाबाई, भर कारखान्यात बोलणी खाऊन, आनंदाने गप्प उभ्या राहिल्या.