बानूबाईचं रक्त आणि तात्याबाचा उखाणा

दौंडजवळच्या वस्तीवर बानूबाईच्या थट्टेतून कुणी सुटलं नव्हतं. सासऱ्याच्या मेंढरांनासुद्धा तिनं भावकीतल्या बायकांची नावं ठेवली होती. त्यामुळं तिचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला, तेव्हा नवरा तात्याबा म्हणाला, "आता ह्ये काय नवं सोंग?"

सोंग नव्हतं. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, पण त्या चालू असतानाच डावा हातही सुजला, वर प्लेटलेट घसरल्या. मग मुलगा माऊली सणसवाडीच्या कंपनीतून सुट्टी काढून आला आणि आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तपासण्या बघून म्हणाल्या, "आजी, रोगाशी लढणारी शक्तीच तुमच्या रक्तावर उलटलीय. त्यानं गुठळ्या होतात."

"म्हंजी राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावतंय."

"तसंच. पण ते बिथरलं कशानं, हे शोधायला हवं. कधी कधी अशा आजारामागं कॅन्सर लपलेला असतो. सगळ्यांत नसतो."

शोधला, तर आतड्यात सापडला. लहान होता, पसरला नव्हता. बाईंनी आधी बानूबाईलाच सांगितलं, मग बाहेर बापलेकांना. ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

बापलेक आत आले ते तोंड धुऊन. "काय न्हाई, साधी गाठ हाय," तात्याबा म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. ते लाल कान बघून बानूबाईची भीती जरा सैल झाली आणि अंगातली खोडी जागी झाली.

तिनं त्याला वेणी घालायला लावली. ती तिरपी झाली, म्हणून पुन्हा घालायला लावली. मग म्हणाली, "लग्नात उखाणा घेतला न्हाईत. आता घ्या."

"हितं? समद्यांम्होरं?"

"साधी गाठ हाय ना? मग घरी गेल्यावर घ्या."

तात्याबा मुकाट्यानं उठला. टोपी सारखी केली.

"दौंडच्या टेशनात गाडी आली धावत,
बानूबाईचं तोंड कवाच बंद न्हाई व्हत."

सगळा वॉर्ड हसला. बानूबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, मग ते पाणी थांबेना.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "कॅन्सर हाय. कापून निघंल म्हणत्यात."

तात्याबा कॉटवर टेकला. "मग मला येणी का घालाय लावलीस?"

"यरवी घातली असती का?"

औषध बदललं, सलाइनमधून दुसरं दिलं. गुठळ्या आटोक्यात आल्यावर ऑपरेशन झालं. गाठ गेली, तसं काही महिन्यांत रक्तही निवळत आलं. गोळ्या मात्र चालू आहेत, तपासणीही.

परवा वेटिंगमध्ये ती उजव्या हातानं खोटा चष्मा वर सारत डॉक्टरीणबाईंची नक्कल करत होती. हसणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. बाई मागंच उभ्या होत्या.

"चष्मा मी डाव्या हातानं वर करते, आजी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.